अडीच वाजताचं पाणी

ताईनं पिशवीतून बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. नुसती ठेवली असती तर चाललं असतं. पण बाटलीवर तिनं कागदाची पट्टी चिकटवली होती आणि पट्टीवर निळ्या शाईनं लिहिलं होतं : कालवा, आपल्या रोपांकडे पाणी वळतं ती जागा, मंगळवार, दुपारी अडीच. ते ‘दुपारी अडीच’ मी दोनदा वाचलं. बाहेर पाळी सुटली होती, फाटकाशी सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, प्रयोगशाळेतला पंखा नेहमीसारखाच कुरकुरत होता. ताई रुमालानं मान पुसत स्टुलावर बसली. “तू पाण्याचा माणूस. बघ जरा. रोपांच्या पानांच्या कडा जळतायत. गुलाब, जास्वंद, सगळी. कुणी पेटत्या काडीनं चटके दिल्यासारखी.” “पाणी ठीकच असेल,” मी म्हटलं. बाटली उघडायच्या आधीच म्हटलं. ताई हसली. “अरे, आधी बघ तर खरं. उचलली जीभ लावली टाळ्याला!”

वेळ लिहायची खोड आम्हा दोघांना बाबांनी लावली. ते दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी लावायची तर तिच्यावर तारीख आणि तारखेखाली वेळ हवीच. “वेळ नसेल तर ते औषध नाही, नुसतं पाणी,” असं म्हणायचे. घरातही तेच. दुधाच्या पातेल्यावर पट्टी, शाईच्या दौतीवर पट्टी. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मवेळेचा रकाना नाही म्हणून ते मुख्याध्यापकांशी भांडून आले होते आणि आई आठवडाभर त्यांना चिडवत होती. पट्ट्या कापायच्या ताईनं, चिकटवायच्या मी. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिच्या पट्ट्या सरळ यायच्या आणि मी त्या वाकड्या लावायचो, पण ती कधी बोलली नाही. दुसऱ्यानं केलेल्या चुकीचं चांगलं कारण आपणच शोधून ठेवायचं, हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव. मला त्याचा फायदा फार झाला. आता ती घरी निघाली तेव्हाही जाताजाता म्हणाली, “घाई नाही रे. तुझी कामं आधी.” मी बाटली कपाटात ठेवली. मग पट्टी दिसते म्हणून ती फिरवून ठेवली.

आमचा कारखाना कापड रंगवण्याचा. चौतीस वर्षं मी इथलं पाणी तपासतोय. कारखान्यात येणारं आणि कारखान्यातून कालव्यात जाणारं. सगळे मला थेंबमास्तर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते नाव आवडतं. रंगाचे हौद दुपारी दोनला रिकामे होतात. कापडानं रंग धरावा म्हणून त्या हौदांत मीठ पोत्यांनी ओतलेलं असतं, आणि हे खारं, गढूळ, कधी जांभळं कधी काळं पाणी निवळण टाकीत येतं. टाकी एकच आणि तीही लहान. अर्ध्या तासात ती भरून वाहायला लागते. तेव्हा कारखान्याचं खरं पाणी बघायचं असेल तर अडीचला बघावं. सकाळी सातला बघाल तर रात्रभर निवळलेलं, शहाण्या मुलासारखं गप्प बसलेलं पाणी दिसेल.

जुन्या मालकांच्या काळात मी नमुना अडीचलाच भरत असे. भर उन्हात, टाकीच्या कठड्यावर वाकून. आकडे वाईट आले की मालक मला बोलावून घेत. एकदा म्हणाले, “तुझं काय जातं रे मास्तर, सकाळी भरलास तर?” मी म्हटलं, “माझं काहीच जात नाही साहेब. म्हणून तर खरं लिहितो.” तेव्हा मी तरुण होतो, पगार टीचभर होता, आणि अंगात एक मस्ती होती जी मी प्रामाणिकपणा समजत असे. ते वाक्य जेवणाच्या सुट्टीत मी चार जणांना ऐकवलं, त्यांनी चाळीस जणांना सांगितलं. रंगारी तर मला खांद्यावर उचलायला निघाला होता. रंगारी म्हणजे आजचा आमचा अध्यक्ष. त्याची नखं तेव्हा निळी होती आणि अजूनही निळीच आहेत, खुर्चीवर बसून आठ वर्षं झाली तरी. कामगारांच्या बाजूनं तो जसा भांडला तसं मी कुणाला भांडताना पाहिलेलं नाही. मालक म्हातारे झाले, मुलाला रंगात हात घालायचे नव्हते, कारखाना विकला जाणार होता, तेव्हा यानंच सगळ्यांना एकत्र केलं. पगारातून कापून, उसनवारी करून, चर्चा करकरून आम्ही एकशे चाळीस जणांनी कारखाना घेतला. प्रत्येकाच्या नावावर शेअर आले. ज्या दिवशी सर्टिफिकेटं वाटली त्या दिवशी भट्टीवाला हमसाहमशी रडला. कोळशानं काळं झालेलं तोंड आणि त्यावर ओघळ. दुसऱ्या दिवसापासून सगळे एकमेकांना मालक म्हणायला लागले. “काय मालक, डबा आणला का?” “मालक, जरा पाना द्या.” झाडणाऱ्या बाईलासुद्धा “मालकीणबाई, इकडे कचरा राहिला.” थट्टा होती, पण थट्टेत छाती फुगत होती. मीही माझं सर्टिफिकेट चौकटीत घालून बाबांच्या फोटोशेजारी लावलं. त्यावर तारीख होती. वेळ नव्हती. मी पेनानं कोपऱ्यात लिहिली : सकाळी अकरा पाच.

त्या पहिल्याच वर्षी, उन्हाळ्यात, मी अडीचला कठड्यावर वाकलो असताना पाठीमागे भट्टीवाला येऊन उभा राहिला. मग आणखी दोघं. मग अध्यक्ष. कुणी काही बोललं नाही. आदल्या महिन्याचे आकडे वाईट आले होते आणि तपासणी खात्याची नोटीस यायला टेकली होती. काम थांबलं तर तोटा कुणाचा, हे आता विचारायची सोय नव्हती. भट्टीवाला अगदी मायेनं म्हणाला, “मालक, या उन्हात कशाला त्रास घेता? सकाळी गार वेळेला भरा की. वय झालं आता.” मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत डाव नव्हता. उन्हाची काळजीच होती. एका माणसाला एकाच वेळी दोन्ही गोष्टी वाटू शकतात, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मी सातला नमुना भरला. मला कुणीही हुकूम केला नव्हता. जुन्या मालकांनी हुकूम केला असता तर मी मोडला असता, मोडायची मजा घेतली असती. पण एकशे चाळीस जणांची नुसती गप्प नजर, तीत माझीही. ती कशी मोडणार? नोंदवहीत तारखेचा रकाना आहे, वेळेचा नाही. सरकारी नमुन्यातही नाही. तेव्हा मी खोटं एक अक्षरही लिहिलेलं नाही. हे वाक्य मी आठ वर्षांत मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलंय की आता ते पाठ केलेल्या पाढ्यासारखं आपोआप येतं.

आणि वर शहाणपणा बघा. दुसऱ्या वर्षी आम्ही सामाजिक जबाबदारी समिती काढली. मोठ्या कंपन्यांना असते, मग आपल्याला का नको? आपण तर इथलेच, शेजारपाजारचे. मला तिच्यात घेतलं. मी पहिल्याच बैठकीत सुचवलं की पाण्याच्या तपासणीचा कागद दर महिन्याला कालव्याकाठच्या वस्तीच्या फलकावर लावू या, शेजाऱ्यांना कळायला हवं. टाळ्या पडल्या. त्या क्षणी मला अभिमान वाटला होता, अगदी खरोखरीचा. दुसरी सूचना झाडं लावायची. झाडं ताईच्या रोपवाटिकेतून घ्यायची, असं अध्यक्षच म्हणाला. भावोजी जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि ताई एकटीनं ती दोन बिघ्यांची जागा सांभाळत होती. दरवर्षी आम्ही कारखान्याच्या भिंतीलगत तिची रोपं लावतो, फोटो काढतो, आणि दरवर्षी ती वाळतात. वाळली की नवी मागवतो. भट्टीवाला म्हणतो, “भिंतीचाच दोष आहे, ऊन परतवते.”

बुधवारी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, मी ताईची बाटली उघडली. वास आधी आला. तो वास माझ्या कपड्यांना चौतीस वर्षं आहे, त्यामुळे मला तो येत नाही, पण तिच्या बाटलीतून आला. ती जुनी सरबताची बाटली असावी, तळाशी किंचित गोडसर काही होतं आणि त्यावर हा. आकडे लिहायची गरज नव्हती तरी लिहिले. मीठ इतकं की पानांच्या कडा जळल्या यात नवल नव्हतं, झाडं उभी राहिली हेच नवल. कागद घडी करून खिशात घातला आणि अध्यक्षाकडे गेलो. त्यानं तो वाचला, पुन्हा वाचला, मग निळ्या नखानं टेबलावरची शाई खरवडत बसला. “शुक्रवारी सभा आहे,” तो म्हणाला. “दुसऱ्या टाकीचा ठराव मी ठेवलाय. पण टाकी घेतली तर यंदा शेअरचा भाव पडणार. तुझ्यासकट अकरा जण पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. तुमचे शेअर कंपनीच परत घेणार, ते याच भावानं. तू सांग, मी काय करू?” मी खिडकीतून टाकीकडे बघितलं. तोच पुढे म्हणाला, “मालक असता तर त्याच्या दारात बसलो असतो रे. आता कुणाच्या दारात बसू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.” त्यानं कागद मला परत दिला. फाडून टाकला असता तर मला त्याचा राग तरी येऊ शकला असता. “कुणी आणलं हे पाणी?” त्यानं दारात विचारलं. “आहे कुणीतरी,” मी म्हटलं.

घरी तीन मजले चढून जायचे असतात. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेत. गेल्या चार महिन्यांत ती दोनदाच खाली उतरली, दोन्ही वेळा डॉक्टरांकडे, आणि चढताना प्रत्येक वळणावर मी खुर्ची घेऊन उभा. पुढच्या वर्षी शेअर मोकळे झाले की तळमजल्यावरची जागा घ्यायची ठरलंय. जागा बघून झाली आहे. म्हणजे मी बघितली, तिला वर्णन सांगितलं. पुढच्या दारी दोन पायऱ्या आहेत, मागच्या दारी एकही नाही. ती रोज संध्याकाळी त्या मागच्या दाराबद्दल काहीतरी विचारते. त्या संध्याकाळी म्हणाली, “मागच्या दाराबाहेर माती आहे की फरशी?” मी म्हटलं, माती आहे. “मग ताईंकडून दोन कुंड्या आणू,” ती म्हणाली आणि खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत राहिली, रोज बघते तशी. खिशातला कागद मला बसताना टोचत होता. मला तिचा राग आला. तिनं काही केलं नव्हतं म्हणून जास्तच आला.

गुरुवारी पाळी सुटल्यावर ताईकडे गेलो. वाटेत वस्तीचा फलक लागतो. या महिन्याचा कागद तिथे होता, खाली माझी सही. मी मान वळवून पुढे गेलो, एखाद्या सावकाराच्या दारावरून जावं तसा. ताई वाफ्यांत बसली होती. तिथली माती साधी नाही. भावोजींनी वीस वर्षं पालापाचोळा कुजवून, चाळून, हातानं कालवून ती केली होती. ते गेल्यावर ताई म्हणाली होती, “माणूस गेला तरी वीस वर्षं मागे ठेवून गेला.” मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावलं की सुटावा, अशी माती. मी ठरवून गेलो होतो की सगळं सांगायचं. निदान इतकं तरी सांगायचं की दुपारचं पाणी घेऊ नकोस. पण दुपारचं का नको, हे तिनं विचारलं असतं. ताईनं हात झटकले आणि वर बघितलं. “काय रे, निघालं का काही?” तिच्या बोटांना भेगा पडलेल्या मला दिसल्या. “पाण्यात काही नाही,” माझं तोंड म्हणालं. “मातीत दोष असेल.” का म्हणालो? मातीला तोंड नसतं म्हणून. माती सभेत बसत नाही म्हणून. ताईनं वाफ्यातली मूठभर माती उचलून दाबली. मग म्हणाली, “मातीत?” आणि पुन्हा, स्वतःशीच, “असेल. तूच म्हणतोयस म्हणजे असेल. मी उगाच पाण्यावर संशय घेतला. तुझ्या सहीचे कागद बघूनच तर मी विहिरीवर फळ्या टाकल्या, पंप विकला. म्हटलं कालव्याचं पाणी इतकं चांगलं असताना कशाला उपसा करत बसायचं.” तिनं मला चहा केला. मी तो प्यालो. दोन वेळा म्हटलं की छान झालाय.

शुक्रवारची सभा जेवणाच्या दालनात होती, टेबलं भिंतीला सारून. आमच्याकडे मतं हात वर करून देतात. चिठ्ठ्या नाहीत. आपण आपल्याच माणसांपासून काय लपवायचं, असं पहिल्या वर्षी ठरलं होतं. ताईची बाटली मी पिशवीत घेऊन बसलो होतो, पट्टी बाहेरच्या बाजूला. वाटलं होतं, उठेन, टेबलावर ठेवेन, बास. दुसऱ्या टाकीचा विषय आला. अध्यक्षानं दोन्ही बाजू नीट मांडल्या, अगदी न्यायानं. मग झाडणारी बाई मागून म्हणाली, “पण शेजारच्यांना त्रास नाही ना होत पाण्याचा?” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजरा खाली घेतल्या. अध्यक्ष म्हणाला, “थेंबमास्तर, तपासणीचे आकडे काय म्हणतात?” त्याला माहीत होतं. मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. तरीही त्याच्या आवाजात एक आर्जव होतं. मी खोटं बोलावं याचं की खरं बोलावं याचं, हे मला अजून कळलेलं नाही. मला मागच्या दाराची माती दिसली, खुर्ची घेऊन जिन्याच्या वळणावर उभा असलेला मी दिसलो. “आठ वर्षं सगळे मर्यादेत आहेत,” मी म्हटलं. दालनानं श्वास सोडलेला मला ऐकू आला. टाकी तिसऱ्यांदा पुढच्या वर्षावर गेली. हात वर झाले तेव्हा माझाही झाला. तो किती हलका वर गेला याचंच मला भय वाटलं. भट्टीवाला शेजारी पुटपुटला, “झाकली मूठ सव्वा लाखाची, मालक.” त्याच्या पुढचा ठराव सामाजिक जबाबदारीचा. यंदा झाडं दुप्पट लावायची, सगळी थेंबमास्तरांच्या ताईंकडून. एकमतानं. टाळ्या वाजल्या, आणि त्या मन भरून वाजवल्या होत्या. माणसं वाईट नाहीत, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. मागणीचं पत्र अध्यक्षानं तिथल्या तिथे सही करून माझ्या हातात दिलं. म्हणाला, “जाताना देऊनच टाक.”

सूर्य अजून बराच वर होता. ताईच्या फाटकाशी रस्त्यावर मातीची ढेकळं सांडली होती आणि चाकांच्या खुणा होत्या. आत गेलो तर वाफे रिकामे. एकूण एक. खाली पिवळा मुरूम उघडा पडलेला, आणि एका कोपऱ्यात कुठल्याशा बांधकामावरून आणलेल्या लालसर, भरड मातीचा ढीग. ताई त्यावर नळी धरून पाणी मारत होती, कालव्याचं. “दोन ट्रक भरले,” ती म्हणाली. “ते रस्त्याचा खड्डा भरणारे आले होते, त्यांना हवीच होती. फुकट नेली. जिवावर आलं रे, पण रोगट माती ठेवून काय करायची? यांनी एवढी केलेली, पण चूक होते माणसाच्या हातून.” भावोजींची चूक. तिनं त्यांच्यासाठीसुद्धा चांगलं कारण शोधून ठेवलं होतं. मी पत्र काढलं नाही. मी म्हटलं, “ताई, माती चांगली होती.” ती नळी तशीच धरून उभी राहिली. मी म्हटलं, “मीठ चढलं होतं तिच्यात. विहिरीच्या पाण्यानं धुतली असती तर दोन-तीन महिन्यांत उतरलं असतं. पाणी आमचं आहे. दुपारी अडीचचं.” बोलायला सुरुवात केल्यावर ते सोपंच होतं. आठ वर्षं मी ज्याला भीत होतो ते चार वाक्यांत संपलं. सातची वेळ, टाकी, आजचा हात, सगळं सांगून टाकलं. फक्त बायकोच्या गुडघ्यांबद्दल बोललो नाही. ते तिला माहीत होतं, आणि तिनं त्यावरून मला माफ केलं असतं.

“तुला कधी कळलं?” तिनं विचारलं. बुधवारी, असं म्हणायला मी तोंड उघडलं. बाटली बुधवारीच तपासली होती, तेव्हा तेही खोटं झालं नसतं. “आठ वर्षांपूर्वी,” मी म्हटलं.

ताई नळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि तोटी बंद केली. तोटी जुनी आहे, थेंब थेंब गळत राहते, ती घट्ट पिळत राहिली. मी पुढे झालो तर तिनं नुसता हात वर केला, थांब म्हणून. मग ती विहिरीकडे गेली, वरची एक फळी ओढून बघितली, ती हलली नाही, तिथेच कठड्यावर टेकली. मला वाटलं ओरडेल, शिव्या देईल. मला ते फार हवं होतं. पण तिचा आवाज नेहमीचाच होता, पट्ट्या कापतानाचा.

“त्या फलकावरच्या कागदावर वेळ नसायची,” ती म्हणाली. “मी दर महिन्याला बघायचे. मला वाटायचं, घाईत विसरला असेल.”